पाहून राह्यला

पुसदच्या रस्त्यानं एक माणूस पाठीवर बिऱ्हाड बांधून चालत येतोय, ही बातमी दिग्रसात त्या माणसाच्या आधी पोचली. ती आणली उत्तमसिंगानं. उत्तमसिंग सरकारी बसवर कंडक्टर, आणि पोटात बातमी ठेवणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. सकाळी पुसदला जाताना त्यानं त्या माणसाला पाहिलं, दुपारी परतताना तोच माणूस पुन्हा दिसला, तेव्हा त्यानं घंटी मारून गाडी थांबवली आणि वर या म्हणून हाक दिली. माणसानं हसून हात जोडले. चालतच जायचं ठरवलंय म्हणाला. मग गाडीतल्या लोकांनी दिग्रस येईपर्यंत वाद घातला. कोणी म्हणे भूदानवाला असेल, कोणी म्हणे पोलिसांचा गुप्त माणूस. एका म्हातारीच्या मते बायकोशी भांडून निघालेला होता.

गोविंदाला हे उत्तमसिंगानं जिनाच्या फाटकावर सांगितलं. गोविंदा जिनात फिटर होता. सरक्या आणि कापूस वेगळा करणाऱ्या त्या धडधडत्या यंत्रांचं दुखणंखुपणं बघायचं हे त्याचं काम. हंगाम ऐन भरात होता, बाजारात कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती, आणि गोविंदाच्या केसांत कायम कापसाची म्हातारी अडकलेली असायची. बातमी ऐकली आणि त्यानं ग्रीसचे हात तसेच पायजम्याला पुसले. त्याचा स्वतःचा मोठा प्रवास एकच, छप्पनच्या दसऱ्याला आईसोबत नागपूरला दीक्षेला जाऊन आलेला. पायी फिरणारा माणूस म्हटल्यावर त्याला राहवेना.

नाक्यावर त्याची आणि उत्तमसिंगाची त्या माणसाशी गाठ पडली. माणूस त्यांच्याच वयाचा निघाला. रघुवीर तेंडोलकर, वेंगुर्ल्याचा. बी.ए. झालेला, मुंबईत नोकरी ठरलेली, पण ती धरण्याआधी हे नवं राज्य एकदा पायांखालून घालायचं असं त्याच्या मनानं घेतलेलं. गेल्या वर्षी महाराष्ट्र झाला तेव्हा आपण मिरवणुकीत घसा फुटेस्तोवर ओरडलो, आणि विदर्भ कुठे आहे ते आपल्याला नकाशातच माहीत, याची त्याला लाज वाटली म्हणे. पाठीवर पलटणीतली खाकी थैली होती. उत्तमसिंगानं ती उचलून बघितली आणि पोट धरून हसत सुटला. तो जातीनं बंजारा. त्याच्या आज्यापणज्यांनी मिठाच्या गोणी बैलांवर लादून मुलूख पालथा घातलेला.

"आमच्या बुढ्यायनं ओझं बैलाच्या पाठीवर ठेवलं," तो म्हणाला. "तुम्ही पहिलेच पाह्यले, बैलाले सुट्टी दिली."

घरी चला म्हणताना मात्र गोविंदा थबकला. हे एकदा बोलून टाकलेलं बरं, असं त्याला वाटलं.

"आम्ही बौद्ध हाओ," तो म्हणाला. "पहिले सांगून ठेवतो."

रघुवीरनं त्याच्याकडे जरा गोंधळून पाहिलं. "मला भूक लागलीय," तो म्हणाला. "हे मीसुद्धा आधीच सांगायला हवं होतं."

झालं. त्या क्षणापासून तो गोविंदाचा पाहुणा.

एका रात्रीपुरता आलेला पाहुणा चार दिवस झाले तरी हलेना, आणि त्याला हलवण्याची कोणाचीही इच्छा नव्हती. गोविंदाची आई तुळसाबाई त्याला बाबू म्हणू लागली. विधवा बाई, एकुलता मुलगा, घरात बोलायला दुसरं कोणी नाही. त्यात हा बाबू प्रत्येक घासाला वाहवा करी. पहिल्याच दिवशी तिनं गोविंदाला बाजारातून सांबार आणायला सांगितलं, तर पाहुणा ताडकन उठून बसला. त्याला वाटलं, रानातलं शिंगाचं जनावर घरात येणार. गोविंदा कोथिंबिरीची जुडी घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. उत्तमसिंगानं ही गोष्ट दुसऱ्या दिवशी यवतमाळपर्यंतच्या प्रत्येक थांब्यावर सांगितली.

दिवस कसे मजेत गेले म्हणता! सकाळी नदीवर डुंबायचं, दुपारी गोविंदाची पाळी संपेपर्यंत पाहुण्यानं बाजारात हिंडायचं, गाडीवानांशी गप्पा मारायच्या, कोणाच्या तरी गाडीवर चढून कापसाच्या ढिगात आडवं व्हायचं. संध्याकाळी तिघं मळ्यात जाऊन गोवऱ्यांत कणकेचे रोडगे भाजायचे आणि वांग्याच्या भाजीत बुडवून खायचे. तिखटानं पाहुण्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं, नाक लाल व्हायचं, आणि तरी हात थांबायचा नाही. गोविंदाला आपलंच गाव नवं वाटू लागलं. जिनाच्या पत्र्यावर बसणारी कबुतरं त्यानं आजवर कधी नीट पाहिलीही नव्हती, पाहुण्यानं ती बोटानं दाखवली.

भाषेची गंमत वेगळीच. पहिल्या दिवशी उत्तमसिंग रस्त्यावरून ओरडला, "मी येऊन राह्यलो!" आपल्याकडे ह्याचा अर्थ येतोय, निघालोच, एवढाच. पाहुण्यानं ते आपल्या कोकणी कानांनी ऐकलं आणि समजला, की उत्तमसिंग येऊन राहणार, मुक्कामाला. त्यानं त्याच्यासाठी सतरंजी अंथरली, उशीची व्यवस्था केली, आणि सकाळी विचारलं की उत्तमसिंग येऊन राहिला होता तर गेला कुठे. गोविंदा समजावून सांगायला लागला तर उत्तमसिंगानं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"सांगू नको बे," तो म्हणाला. "मजा येऊन राह्यली."

आणि गोविंदा गप्प बसला. थट्टेची हौस त्यालाही होतीच. ही हौस त्याला किती महागात पडणार होती याची त्या वेळी त्याला कल्पना असती, तर त्यानं पाहुण्याला बसवून व्याकरणाचा वर्गच घेतला असता.

तिसऱ्या संध्याकाळी, रोडगे भाजता भाजता, गोविंदानं पाहुण्याजवळ मन मोकळं केलं. गावात राहणाऱ्याला जे सांगता येत नाही ते वाटसरूला सांगता येतं. नागोराव गवंड्याची मुलगी यशोधरा. दीक्षेआधी घरात तिचं नाव वेगळंच होतं, ते वडिलांनी बदललं. गेल्या हंगामात जिनाची पडकी भिंत नागोरावानं बांधायला घेतली तेव्हा ती रोज त्याची भाकर घेऊन यायची. ती फाटकातून आत येताना गोविंदा तिला पाहायचा. बोलणं एका शब्दाचंही नाही. पण नागपूरच्या गिरणीतून फिटरची जागा चालून आली, पगार चांगला, खोलीसुद्धा मिळणार होती, तेव्हा गोविंदानं आईची तब्येत पुढं करून नाही म्हणून टाकलं. आईची तब्येत ठणठणीत होती. फाटक सोडवेना, एवढंच खरं कारण.

आणि आता येत्या रविवारी यवतमाळहून कोणी पोस्टातला कारकून यशोधरेला बघायला येणार होता. त्याच्या आधी विचारायला हवं. गोविंदातर्फे विचारणार होता मुकुटबनचा उकंडामामा. असल्या बोलणीत मुलानं स्वतः तोंड उघडायचं नसतं. बोलायचं मोठ्या माणसानं, मुलानं सतरंजीच्या कडेला बसून भिंतीच्या चुन्याचा रंग न्याहाळायचा. त्यातून नागोराव म्हणजे कडक माणूस. आर्णीचं एक जमत आलेलं स्थळ त्यानं मोडलं होतं, कारण तो मुलगा वाटेवर उभा राहून यशोधरेला पाहत होता असं त्याच्या कानावर आलं. एवढंच कारण. जिनातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि म्हणून गोविंदानं आपलं पाहणं उत्तमसिंगाशिवाय कोणाला कळू दिलं नव्हतं. पाहुण्यापाशी मन मोकळं करताना हे आर्णीचं सांगायचं मात्र राहून गेलं.

शनिवारी सकाळी मामाचा निरोप आला. वणीच्या कंडक्टरनं यवतमाळच्या कंडक्टरला सांगितला, त्यानं उत्तमसिंगाला. मामाचा बैल आजारी होता की मामा स्वतः, यावर वाटेत मतभेद झालेले, पण मामा येत नाही यावर तिघांचं एकमत होतं.

तुळसाबाई पदरानं डोळे पुसू लागली. तेवढ्यात पाहुणा उठला आणि शर्टाची बटणं लावू लागला.

"मी बोलेन," तो म्हणाला. "मी मोठा नाही, पण बाहेरचा तरी आहे. शिवाय मी वेंगुर्ल्याहून इथवर चालत आलोय. एवढ्या माणसाला कोणी दारातून परत लावणार नाही."

गोविंदाला हे एकदम पटलं. आनंदानं माणसाला काहीही पटतं. संध्याकाळी तिघं निघाले. पाहुणा पुढं, धुतलेला सदरा घालून, उत्तमसिंग ड्यूटीचा खाकी कोट चढवून, आणि मध्ये गोविंदा, ज्याला आपले पाय कुठे पडतात तेच कळत नव्हतं.

नागोरावाचं घर त्यानं स्वतःच्या हातानं बांधलेलं, विटांचं, एकही कोपरा तिरका नाही. माणूसही तसाच, ओळंबा लावून बसवल्यासारखा ताठ. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. त्याची बायको शकुबाई पाणी देऊन गेली. आतल्या दाराचा पडदा हलला आणि पुन्हा स्थिर झाला. गोविंदानं ते पाहिलं नाही असं दाखवलं.

सुरुवात इतकी झकास झाली की उत्तमसिंगानं गोविंदाला कोपरानं ढोसलं. पाहुण्यानं नमस्कार करून आपली ओळख दिली, वाटेतल्या गमती सांगितल्या, नांदेडकडे कुत्रं मागं लागलं ते सांगितलं, आणि नागोराव चक्क हसला. मग पाहुण्यानं विषय काढला. मुलगा मेहनती, निर्व्यसनी, आईला जपणारा. घरात दोनच माणसं. नागपूरच्या गिरणीतून बोलावणं आलं होतं, यावरून हाताची कारागिरी समजून घ्यावी. नागोराव मान हलवत होता. चहा आला. कपबशी हातात घेऊन नागोरावानं, बोलणी रुळावर आली की कोणीही विचारतो तसं, सहज विचारलं.

"आयकलं मी नागपूरचं. गेला नाही तो. मंग पोरगा काय करून राह्यला?"

म्हणजे आता पोरगा काय करतो, कामधंदा काय, एवढंच त्याला विचारायचं होतं. दिग्रसातलं शेंबडं पोरही सांगेल. पण पाहुण्याच्या कानात ते वेंगुर्ल्याच्या वाटेनं शिरलं. नागपूरला गेला नाही, मग कशापायी राहिला? याचं उत्तर त्याच्याजवळ तयार होतं, आणि त्याच्या मते ते जगातलं सगळ्यात सुंदर उत्तर होतं. त्याचे डोळे चमकले. गोविंदाला ती चमक दिसली आणि आता काय होणार ते कळलं, पण तोपर्यंत वेळ निघून गेली होती.

"तुमच्या मुलीला पाहून राहिला," पाहुणा म्हणाला.

उत्तमसिंगाला चहाचा ठसका लागला. नागोरावानं कपबशी खाली ठेवली.

"कोठून?" त्यानं विचारलं.

पाहुण्याला काहीतरी बिनसल्याचं समजलं, पण काय ते कळेना, आणि विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायची त्याला वाईट खोड होती.

"जिनाच्या फाटकातून, बहुतेक," तो म्हणाला.

उत्तमसिंगानं कप बाजूला सारला आणि घाईघाईनं सारवासारव सुरू केली. हे पाव्हणे कोकणातले, यायची भाषा निराळी, यायच्याकडं राहिला म्हणजे मुक्काम केला, हे काही तसलं बोलून नाही राह्यले, दादा तुम्ही मनावर नका घेऊ. सांबाराचीही गोष्ट त्यानं पुरावा म्हणून सांगून टाकली. पाहुणाही आता लाल होऊन, आपल्याला फक्त राहण्याचं कारण सांगायचं होतं, असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. नागोरावानं दोघांना हातानं थांबवलं.

"पाव्हण्याची भाषा राहू द्या," तो म्हणाला. त्यानं गोविंदाकडे पाहिलं. घरात आल्यापासून पहिल्यांदाच. "तू दिग्रसचा हायेस. तू सांग. पाहून राह्यलता का नाही?"

सुटायची वाट पुढ्यात उघडी होती. पाहुण्याचा बोलण्याचा घोटाळा झाला, एवढं म्हटलं की संपलं. उत्तमसिंगानं तर ती वाट झाडून ठेवली होती, आणि तो डोळ्यांनी गोविंदाला विनवत होता. गोविंदानं तोंड उघडलं. नाही हा शब्द अगदी जिभेवर आला होता. पण पडद्यामागं ती उभी आहे, हे त्याला ठाऊक होतं. आपण नाही म्हटलं तर ते तिलाही ऐकू जाईल, आणि गेलं वर्षभर जे होतं ते नव्हतंच असं होईल. त्याला भीती वाटत होती, पण ते त्याच्यानं होईना.

"पाहून राह्यलतो," तो म्हणाला.

उत्तमसिंगानं कपाळाला हात लावला.

नागोराव बोलला तेव्हा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ऐकायला जास्त जड गेलं. आपल्या आईबहिणी मोठ्या लोकांच्या ओट्यांसमोरून जायच्या, त्यानं सांगितलं, तेव्हा वरून कोणीही पाहायचा. पाहायचा आणि हसायचा. आपण बाजूनं चाललो असलो तरी मान खाली घालून चालत राहायचं, बोलायची सोय नव्हती. नागपूरहून दीक्षा घेऊन आलो त्या दिवशी पोरीला जवळ बसवलं आणि सांगितलं, आजपासून रस्त्यानं मान वर करून चालायचं. त्याच दिवशी आपण ठरवलं, की हिला रस्त्यात उभं राहून पाहणाऱ्याच्या घरी ही जाणार नाही.

"मंग थो कोणीबी असो," तो म्हणाला. "आपला असला म्हून काय झालं? उठा आता."

गोविंदा उठला. म्हातारा म्हणत होता ते खोटं नव्हतं. पाहुण्याचा चेहरा रडवेला झाला होता. तिघं दाराशी वहाणा शोधू लागले. एकाचा पाय दुसऱ्याच्या वहाणेत गेला.

पडदा सरकला. यशोधरा बाहेर आली, हातात चहाची रिकामी किटली तशीच. शकुबाई मागून तिचा पदर ओढत होती. तिनं तो सोडवून घेतला.

"बाबा, मीबी पाहून राह्यलती," ती म्हणाली.

नागोरावानं वळून पाहिलं.

"तुमची भाकर आणायची तवा. रोज." ती बोलतच गेली. "ओट्यावरून पाहे थे लोक निराळे. त्यायच्यासमोर आजी मान खाली घाले. यानं पाह्यलं तवा मी मान खाली नाही घातली. तुम्हीच सांगतलं ना, मान वर करून चाल म्हून? मान वर करून चाललं तं समोरचं दिसते, बाबा."

शकुबाईनं तोंडाला पदर लावला. गोविंदाच्या कानात जिनाची सगळी यंत्रं एकदम सुरू झाली. रोज म्हणाली ती. वर्षभर आपल्याला वाटत होतं की आपण चोरून पाहतोय, आणि फाटकाच्या पलीकडून तीही पाहत होती. त्यानं चौकटीला हात टेकला.

नागोराव मुलीकडे बघत राहिला. आपणच बांधलेल्या भिंतीजवळ एखाद्या गवंड्यानं थांबावं आणि ही आपल्या अंदाजापेक्षा उंच गेली असं त्याच्या ध्यानात यावं, तसं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं. मग तो भिंतीला पाठ टेकवून सावकाश बसला.

पाहुण्यानं उत्तमसिंगाच्या कानाशी लागून विचारलं, आता काय झालं?

"गप," उत्तमसिंग कुजबुजला. "लगन जमून राह्यलं."

पाहुण्यानं ते ऐकलं, जमता जमता राहिलं असं समजला, आणि त्याच्या डोळ्यांतून खरोखरीच पाणी आलं. ते नागोरावानं पाहिलं.

"पाव्हणे कायले रडून राह्यले?" त्यानं विचारलं. उत्तमसिंगाला हसू फुटलं होतं, ते पाहून शकुबाईला, आणि किटली हातात धरलेल्या यशोधरेलाही.

नागोरावानं दाराकडे पाहिलं. गोविंदा अजून एक वहाण पायात आणि एक हातात घेऊन उभा होता.

"वहाण ठेव खाली," नागोराव म्हणाला. "अन् इकडं येऊन बस. आता माह्यासमोर बसून पाह्य, जितलं पाहायचं तितलं."